नॉब शून्यावर

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, माणसं सगळी धडधाकट आहेत. आजारी आहे तो आईचा फ्रीज.

फोन करून उपयोग नाही. तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आल्यासारखं दाखवत तू प्रत्येक गोष्टीला "हो हो" म्हणतोस. मागच्या वेळी मी विचारलं, जेवलास का, तर म्हणालास, "हो हो, तिलाही सांग." कुणाला सांगू? म्हणून हे पत्र.

मी आईच्या घरी राहायला आले त्याला आता वर्ष होईल. फ्रीज तोच आहे, तू आणून दिलेला, एका दाराचा, आत वर फ्रीजरचा छोटा कप्पा. त्या कप्प्यात बर्फाचा डोंगर झालाय आणि खाली दूध दुपारपर्यंत नासतं. भाजीच्या ट्रेखाली तळं साठतं, सकाळी पाय घसरतो. मोटर म्हणशील तर श्वास घ्यायलाही थांबत नाही. दार तर कधीपासून नीट बसत नाही. आईने हँडलला पायजम्याची नाडी बांधून ठेवली होती, तीच मी अजून बांधते आणि सोडते. पाहुण्यांना वाटतं आत चोर कोंडलाय.

नवा घ्यायचा म्हणून दुकानात गेले तर डोकं गरगरलं. एकात फ्रीजर वर, एकात फ्रीजर खाली, आणि एकाला कपाटासारखी उभी दोन दारं, अर्ध्यात नुसता फ्रीजर. विक्रेत्याने विचारलं, "घरात माणसं किती?" म्हटलं, एक. तरी तो मला कपाटाकडेच ढकलत होता.

तूच सांग, दुरुस्त करू की नवा घेऊ, आणि नवा तर कुठला? खरं म्हणजे तूच ये ना. बसने तीन तास. आई गेली, तिचं सगळं आटपलं त्या दिवशी फाटकापाशी उभा राहून परत गेलास, त्यानंतर तू आलाच नाहीस.

तुझी,
मोजपट्टी

९ फेब्रुवारी

मोजपट्टे,

आशीर्वाद. पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा भाचीचं म्हणून आणि एकदा गिऱ्हाइकाचं म्हणून.

चाळीस वर्षं मी कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बिघाड सांगितला. कान लावायचा, डोळे मिटायचे, आणि सांगायचं. लोकांना वाटायचं मला काहीतरी सिद्धी आहे. आता फ्रीज सोड, मागून आलेली बससुद्धा मला अंगावर आल्यावर कळते. तेव्हा तू असं कर, आवाज कसा येतो तो कागदावर लिहून पाठव. घरघर, गुणगुण, टक्‌टक्, जे असेल ते. मी वाचून सांगतो. हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, पण माझा उंट आता एवढाच चालतो.

तोवर ही कामं कर. फ्रीज बंद कर, दार उघडं ठेव, आत गरम पाण्याचं पातेलं ठेव आणि बर्फ आपोआप वितळू दे. सुरी लावायची नाही! एक मास्तरीणबाई होत्या. त्यांनी सुरीने बर्फ फोडला, फुस्स आवाज आला आणि सगळा गॅस गेला. त्या मला म्हणाल्या, "मी फक्त एकदाच टोचलं." मी म्हटलं, बाई, फुग्यालाही एकदाच लागतं.

बर्फ गेला की भाजीच्या ट्रेच्या मागे, भिंतीला, एक बारीक भोक दिसेल. पाणी जायची वाट ती. कोथिंबिरीच्या काड्यांनी तुंबलेली असणार. कान साफ करायच्या काडीने हलकेच मोकळी कर आणि कोमट पाणी सोड.

मग कागदाची एक पट्टी दारात धरून दार लाव. ओढल्यावर पट्टी अडली तर दाराचं रबर ठीक, सळकन बाहेर आली तर रबर गेलं. चारी बाजूंनी बघ. ती नाडी ताईने कधी बांधली? मला आठवत नाही.

नव्याचं म्हणशील तर दुकानदाराचं ऐकू नकोस, कमरेचं ऐक. एक दिवस स्वयंपाकघरात कागद-पेन्सिल ठेव. फ्रीजर किती वेळा उघडलास, फ्रीज किती वेळा, आणि किती वेळा वाकलीस, रेघा मारत जा. तू जमिनी मोजणारी बाई, तुला हे जमेल. आणि त्या कपाटाच्या मोहात पडलीस तर घरातलं सगळ्यात रुंद पातेलं बरोबर घेऊन दुकानात जा. ते आत मावलं तर मला कळव.

यायचं म्हणतेस, पण गुडघे कुरकुरतात. बसची पायरी उंच असते. बघू.

तुझा मामा

१४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्या सूचनांनी घरात प्रयोगशाळा झाली. बर्फ वितळायला साडेपाच तास लागले. त्या भोकातून काय निघालं सांगू? कोथिंबिरीच्या काड्या, वाटाण्याचा एक दाणा, आणि माझ्या शाळेच्या वेळच्या फ्रॉकचं बटण! ते तिथे कसं गेलं देव जाणे. तळं मात्र बंद झालं.

ते बटण हातात घेऊन मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. मला ते गुरुवार आठवले, मामा. तुझ्या दुकानाची सुट्टी गुरुवारी. शाळेतून आले की दारात तुझ्या चपला आणि स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागून बाहेर आलेले तुझे पाय. "आली का मोजपट्टी? टॉर्च धर." मी टॉर्च धरायची आणि तू आत तासन्‌तास काय करायचास कुणास ठाऊक. आई ओट्याशी उभी राहून आठवडाभराचं सगळं तुझ्या पायांना सांगायची. मग तू बर्फाचा ट्रे पिळून खडे काढायचास आणि मला मोजायला लावायचास. चौदा. एक तू तोंडात टाकायचास आणि म्हणायचास, "पुन्हा मोज, चुकलीस." आमच्या घरातलं सगळ्यात आजारी माणूस म्हणजे तो फ्रीज, असं मी वर्गात सांगायची. तो आजारी पडला की मला फार आनंद व्हायचा.

असो. तुझ्या प्रश्नांची उत्तरं. पट्टी हँडलच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सळकन निघते. रबर कडक झालंय आणि एका कोपऱ्यात चिरलंय. आवाज: आधी "घ्‌र्र", मग लांबच लांब "हूंऽऽ", मधूनच भांड्यावर चमचा आपटल्यासारखं "टण्". नाडी कधी बांधली ते आठवून सांगते, मी तेव्हा इथेच होते एवढं नक्की.

रेघा मारल्या. मंगळवारी फ्रीजर तीन वेळा उघडला. फ्रीज एकेचाळीस वेळा, आणि त्यातल्या सत्तावीस वेळा मी वाकले! मी नकाशावर दिवसभर वाकते ते वेगळंच. पातेलं घेऊन दुकानात गेले. त्या कपाटाच्या कप्प्यात ते तिरकं करूनही जाईना. विक्रेता म्हणाला, "मॅडम, पातेलं छोटं घ्या."

त्यानेच एक सांगितलं, की फ्रीजच्या मागच्या जाळीवर धूळ बसली की मोटर थांबत नाही, वर्षातून एकदा तरी ती झाडावी. तू हे लिहिलंच नाहीस! चाळीस वर्षांचा मेकॅनिक आणि एवढी साधी गोष्ट विसरलास? पुढच्या रविवारी शेजारच्या काकांच्या मदतीने फ्रीज पुढे ओढते आणि मागची बाजू साफ करते.

तुझी,
मोजपट्टी

१९ फेब्रुवारी

मोजपट्टे,

घाईत लिहितोय. फ्रीज ओढू नकोस. जुनी वायर आहे, तुटेल. फरशीला चरे पडतील. तुझी कंबर आधीच दुखते. शेजाऱ्यांचंही वय झालंय.

"टण्" म्हणजे कॉम्प्रेसरचे रबरी पाय झिजलेत. "हूंऽऽ" थांबत नाही कारण दारातून गार हवा बाहेर जाते. रबर बदललं तर अजून दोन वर्षं चालेल, पण म्हाताऱ्याला किती सुया टोचायच्या? सोडून दे. नवा घे. फ्रीजर खाली असलेला घे, तुझ्या रेघांनी निकाल दिलाच आहे. तीन वेळा वाक आणि एकेचाळीस वेळा ताठ उभी राहा. घराच्या दाराची रुंदी मोजून जा. नवा आणतील तेच लोक जुना घेऊन जातील, त्यांनाच उचलू दे. मागे झाडायची वगैरे काही गरज नाही. मागे बघायचंही कारण नाही.

मामा

२२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय मामा,

हे पत्र मी फ्रीजला टेकून, जमिनीवर बसून लिहितेय. तुझं उत्तर अजून आलेलं नाही. आज सकाळी आम्ही फ्रीज ओढला. काका घरी गेले. मी ब्रश आणला, जाळी झाडली, आणि जाळीच्या वरच्या पत्र्यावर तुझं अक्षर दिसलं.

प्रत्येक दुरुस्तीची तारीख फ्रीजच्या मागे लिहून ठेवायची ही तुझी रीत मला माहीत होती. दुकानात येणाऱ्या प्रत्येक फ्रीजवर तू पेन्सिलने लिहायचास. पण आमच्या फ्रीजवर काय लिहिलंयस ते कधी वाचलं नव्हतं. मी तर नेहमी टॉर्चच्या मागे असायची.

"गुरुवार, १२ जून. नॉब शून्यावर. बिघाड नाही. चहा दोनदा."

"गुरुवार, ३ जुलै. नॉब शून्यावर. बिघाड नाही. ताई बारीक झालीय."

"गुरुवार, ७ ऑगस्ट. प्लग अर्धा बाहेर. नवी युक्ती!"

"गुरुवार, १८ डिसेंबर. नॉब शून्यावर. मोजपट्टी वर्गात पहिली. ताई आज हसली."

"गुरुवार, ५ मार्च. थर्मोस्टॅट खरोखरच बिघडला. ताईला माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य."

मी मोजले, मामा. एकसष्ट गुरुवार. त्यातले खरे बिघाड सहा. पंचावन्न वेळा आईने स्वतःच्या हाताने थंडाव्याचा नॉब शून्यावर नेला, नाहीतर प्लग ओढला, दुकानात फोन केला, "फ्रीज गार होत नाहीये" म्हणाली, आणि तू तीन तास बसने येऊन, त्या चांगल्या फ्रीजच्या मागे एक-एक तास आडवा पडून राहिलास! आणि मी टॉर्च धरून होते!

मी खूप हसले, मग रडले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आता मीही एक लपवलेलं सांगते. दीड वर्ष मला वाटतंय की तू माझ्यावर रागावलायस. आई आजारी पडल्याचं मी तुला उशिरा कळवलं म्हणून. मलाच कळलं नव्हतं रे, साधा ताप म्हणून धरून बसलो होतो आम्ही. तू त्या दिवशी घरात पाऊल टाकलं नाहीस, पाण्याचा घोटही घेतला नाहीस. चुकले असेन तर तोंडावर सांग, शिव्या दे. पण असा फाटकातून जाऊ नकोस. या घरात येऊन आईबद्दल बोलणारं माणूस तुझ्याशिवाय दुसरं उरलेलं नाही, आणि मला ते हवंय.

तुझी,
मोजपट्टी

८ मार्च

मोजपट्टे,

दोन आठवडे उत्तर दिलं नाही. चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे फाडणार नाही.

तुझे वडील गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. जो तो येऊन ताईला म्हणाला, काही लागलं तर सांग. ती प्रत्येकाला म्हणाली, मला काही नको. मलाही म्हणाली. एकदा तसं म्हणून बसली, आता परत कशी फिरणार? तू ओळखतेसच तिला. सहा महिन्यांनी दुकानात फोन आला, फ्रीज गार होत नाहीये. मी हत्यारं घेऊन आलो. बघतो तर नॉब शून्यावर. मी तिच्याकडे बघितलं, ती चहाच्या आधणाकडे बघत होती. मी फ्रीज पुढे ओढला आणि मागे जाऊन पडलो.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा तिचा स्वभाव. मी ते भांडं कधी दाखवलं नाही. समोर बसलो असतो तर ती गप्प राहिली असती. माझे नुसते पाय दिसले की बोलायची.

आता खरं ऐक. ती जायच्या तीन आठवडे आधी तिचा फोन आला होता. तेव्हा मला थोडं ऐकू यायचं. "फ्रीज गार होत नाहीये रे," म्हणाली. मी दुकान कायमचं बंद करत होतो. सामान उचलायला माणसं आली होती, वैतागलो होतो. आणि मी हसून बोलून गेलो, "ताई, नॉब शून्यावरून तीनवर कर. इतकी वर्षं तूच फिरवतेस, तुला जमेल."

ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

इतकी वर्षं जे झाकलं ते मी एका वाक्यात उघडं पाडलं. तिने हाक मारली होती आणि मी तिची चोरी पकडून दाखवली. तीन आठवड्यांनी तुझा फोन आला. मी फाटकापर्यंत आलो, पण आत स्वयंपाकघर होतं, तिथे तो फ्रीज होता. माझा पाय उचलेना. गुडघ्यांचं खोटं आहे, गुडघे ठीक आहेत.

माझे कान पार गेले, पण ते "बरं" अजून ऐकू येतं. तुझ्यावर राग कसला? मला वाटत होतं ताईने तुला सांगितलं असेल, आणि तूच माझं तोंड बघणार नाहीस.

मामा

१३ मार्च

प्रिय मामा,

खुर्चीवर बस आणि मग वाच.

नाडी कधी बांधली ते आता आठवलं. त्याच दिवशी. तू म्हणतोस त्या फोनच्या दिवशी मी इथेच होते, रजा घेऊन महिनाभर आले होते. सकाळी दूध नासलं. मी नॉब बघितला, तो तीनवरच होता. मीच आईला म्हटलं, फ्रीज बिघडलाय. तिने तुला फोन लावला. एकटी होती म्हणून नाही, मामा. फ्रीज खरंच गार होत नव्हता. दाराचं रबर तेव्हाच गेलं होतं, तूच मला कागदाच्या पट्टीने शोधायला लावलंस ते.

आता "बरं" नंतरचं सांगते, ते तुला फोनवर ऐकू आलं नसणार. तिने फोन ठेवला आणि ओटा धरून हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी, खोकला लागला, मी पाठ चोळली. "गाढव!" म्हणाली. "गाढवाला पहिल्यापासून माहीत होतं!" मी विचारलं, काय माहीत होतं? तर म्हणाली, "ते आमचं भावंडांचं आहे, तुला काय करायचंय?" पुन्हा हसली आणि म्हणाली, "लांडगा आला रे आला. आता खरा आला तर कोण येतंय? माझीच करणी." मग कपाटातून नाडी काढली आणि हँडलला बांधली. जेवताना एकटीच मध्ये मध्ये हसत होती. मला वाटलं वय झालं.

मी ते विसरूनच गेले होते. काय हसतेय ते कळलं नव्हतं ना, म्हणून लक्षात राहिलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि ती सगळी दुपार डोळ्यांपुढे उभी राहिली. ती दुखावली नव्हती, मामा. आपली लबाडी ओळखूनही आपला भाऊ इतकी वर्षं येत राहिला, हे तिला जाण्याआधी कळलं. ते तुझ्यामुळेच कळलं.

काल नवा फ्रीज आला. फ्रीजर खाली. कंबर तुला दुवा देते. भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवलाय, पुढचे पाय किंचित उंच केलेत म्हणजे दार आपोआप लागतं, आणि आणल्यावर चार तास बंद ठेवला. जुना मी दिला नाही. मागच्या खोलीत आहे, पाठ भिंतीकडे न करता, खोलीकडे करून. त्याने आता चालायची गरज नाही.

नव्याची एकच तक्रार आहे. त्याला नॉबच नाही. नुसते तापमानाचे आकडे दिसतात, आणि सगळ्यात वरचा आकडा लावला तरी तो गार होतोच. त्याला शून्य नाही, मामा. मग मी काय करणार? आत्ताच त्याचा प्लग काढून ठेवलाय.

फ्रीज गार होत नाहीये.

तुझी,
मोजपट्टी

१७ मार्च

मोजपट्टे,

प्लग काढल्याची लक्षणं वाचून बिघाड ओळखता येत नाही. प्रत्यक्ष बघावं लागेल. तोवर प्लग लाव, दूध नासवू नकोस. २६ तारखेला गुरुवार आहे. बुधवारी झोपताना परत काढ.

हत्यारांची पेटी विकली असं सगळ्यांना सांगितलं होतं, पण पलंगाखाली आहे. सकाळच्या बसने निघतो. पेन्सिल माझ्याकडे आहे, टॉर्चला नवे सेल घालून ठेव. मला बोललेलं ऐकू येणार नाही, तरी तू ओट्याशी उभी राहून बोल. मी मागे आहेच.

बर्फाचा ट्रे भरून ठेव. चौदा आहेत का बघ.

मामा